माझ्यासाठी परत एकदा

सिंगापूरहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटेल तो आधी विमानतळाबद्दल विचारतो. तिथे म्हणे आतच धबधबा आहे. आहे. मी तो पाहिला, थोडा वेळ मान वर करून उभी राहिले आणि निघाले, कारण मुलगी बाहेर खोळंबली होती. रस्त्यावर थुंकलं तर खरंच दंड होतो का, हा दुसरा प्रश्न. होत असेल, माझ्यावर तशी वेळ आली नाही. शेजारच्या वहिनींनी मोठ्या उत्साहाने फोटो पाहायला मागितले, तर माझ्या फोनमध्ये गरम पाण्याची एक बादली, एक जुना लाकडी पाळणा आणि फ्रिजवर रचलेले डबे एवढंच निघालं. वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांब जाऊन हे?"

म्हणून लिहायला बसले. मी जे पाहिलं ते पाहायला कोणी सिंगापूरला जात नाही. मीही गेले नव्हते.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलीकडे महिनाभर राहून यावं, एवढाच बेत होता. आमच्या ह्यांना विमानाचं वावडं, त्यामुळे ते घरी राहिले आणि रोज सकाळी फोन करून साखरेचा डबा कुठे आहे ते विचारत राहिले.

क्लेमेंटी

माझी मुलगी मधुरा क्लेमेंटीला सरकारी इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. ‘सरकारी’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडची पोपडे उडालेली क्वार्टर्स आली होती. इथे लिफ्ट चालते, जिन्याचे कोपरे पानाने रंगलेले नसतात, आणि तळमजला मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. त्याच जागेत एका आठवड्यात मी एक लग्न आणि एक अंत्यविधी पाहिला. मध्ये एक दिवस तिथे म्हातारे पत्ते खेळत होते.

जेवायला खाली हॉकर सेंटरमध्ये जायचं. एका छपराखाली पन्नास गाडे, आणि मधोमध टेबलं. टेबल अडवायचं असेल तर त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं, पाकिटाला कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यात माझं सगळं तारुण्य गेलं, त्यामुळे ही पद्धत मला पहिल्याच दिवशी जमली. फरक इतकाच, की आपल्याकडे रुमालानंतर भांडावंही लागतं.

फ्लॅटच्या दुसऱ्या खोलीत अकिन्यी राहायची. ती केनियाची, किसुमू गावची. विद्यापीठात पाण्यातल्या शेवाळावर संशोधन करते. उंच, हळू बोलणारी, चाळिशीच्या अलीकडची. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे. ते सरोवर मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले, त्याचा आकार मला डोळे मिटून काढता येतो, पण त्याच्या काठी कोणाचं माहेर असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी तिला आपल्या रिवाजाप्रमाणे आईवडील, भावंडं, लग्न, पगार असं सगळं विचारून घेतलं. मधुरा स्वयंपाकघरातून डोळे वटारत होती. अकिन्यीने न कुरकुरता सगळी उत्तरं दिली आणि मग तेच सगळे प्रश्न त्याच क्रमाने मला विचारले. त्यांच्याकडेही असंच असतं म्हणाली.

या दोघी एकत्र कशा आल्या तेही सांगण्यासारखं आहे. एकाच फ्लॅटमधली खोली बघायला दोघी एकाच संध्याकाळी गेल्या होत्या. घरमालकिणीने मधुराला सांगितलं, इंडियन कुकिंग चालणार नाही, भिंतींना वास लागतो. अकिन्यीला काहीच कारण सांगितलं नाही. फोनवर रिकामी असलेली खोली ती दारात उभी राहिल्यावर भरली होती. दोघी एकाच लिफ्टने खाली आल्या, खाली चहा प्यायल्या आणि मिळून अख्खा फ्लॅट शोधायचं ठरवलं. पुण्यात माझ्या भाच्याला आडनाव ऐकून घर नाकारलं होतं, ते मला आठवलं. मी अकिन्यीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला समजावून सांगायला नको."

तिच्याबद्दल बोलताना कोणता शब्द वापरायचा याची मला चिंता होती. तिनेच ती मिटवली. ती स्वतःला सरळ ‘ब्लॅक’ म्हणते. आपण लग्नाच्या जाहिरातीत सावळी, निमगोरी, गव्हाळ असे एवढे शब्द कशाला खर्च करतो, हे तिला समजावून सांगताना माझी पंचाईत झाली.

तिसऱ्या दिवशी ती चपात्या करायला बसली. त्या लोकांत तो शब्दही ‘चपाती’च आहे. जाड, पदर सुटलेली, तेलावर भाजलेली, आणि म्हणे सणासुदीची. मी रोज सकाळी सणाविना पंधरा पोळ्या लाटते हे ऐकून तिला माझी दया आली. पण त्या दिवशी चार चपात्या लाटून ती खुर्चीवर टेकली ती उठेना. मी लाटणं हातातून घेतलं. तिच्या ओठांना रंग नव्हता. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरंफटक.

तिने लपवलं नाही. कित्येक महिने पाळी थांबता थांबत नव्हती. कामावर ती काळ्या कपड्यांशिवाय जात नसे आणि बसमध्ये रिकामी जागा असली तरी बसत नसे. डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा तिला रक्तवाढीच्या गोळ्या देऊन, कामाचा ताण कमी करा, तीन महिन्यांनी या, असं सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर आधी या डॉक्टरची चिठ्ठी लागते, तिच्याशिवाय विमा लागू होत नाही. ती चिठ्ठी तिला मिळत नव्हती. तिची मावशी याच दुखण्याने गेली होती, तेही असंच गोळ्या घेत घेत, आणि आपलं तसंच होणार ही तिची भीती होती. आईला तिने यातलं काही कळवलेलं नव्हतं. पुढची तारीख दहा-बारा दिवसांवर होती.

मी विचारलं, दवाखान्यात तुझ्याबरोबर कोण येतं? ती म्हणाली, मागच्या दोन वेळा एकटीच गेले, ही माझी चूक. आता रविवारी टेबलावर सांगणार आहे. टेबल म्हणजे काय ते मला रविवारीच कळलं.

पुंगोल

पुंगोल म्हणजे नव्या उंच इमारतींचं, पाण्याकाठचं गाव. जिकडेतिकडे तरुण आईबाप आणि बाबागाड्या. तिथली छोटी रेल्वेगाडी गोल गोल फिरते, आणि उलट्या दिशेची पकडली तरी शेवटी पोचवतेच, फक्त सगळ्यांचे बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे बघून होतात. मधुरा फोनमध्ये आणि मी खिडकीबाहेर गुंग, त्यामुळे आम्ही तसेच पोचलो. अकिन्यीच्या लक्षात पहिल्या स्टेशनलाच आलं होतं. पण नेहमी उभी राहणारी ती त्या दिवशी बसली होती, तिला उठवत नव्हतं, म्हणून ती बोलली नाही.

आम्ही गेलो ते तेमीच्या घरी. तेमी नायजेरियाची. दोन लहान मुलं, मोठा आवाज, आणि त्याहून मोठं पातेलं. महिन्यातल्या एका रविवारी तिच्याकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे डझनभर बायका जमतात. कोणी केनियाच्या, कोणी अमेरिकेच्या, कोणी वेस्ट इंडिजमधल्या. कोणी शिकवते, कोणी बँकेत आहे, कोणी नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली. सगळ्या ब्लॅक. आपल्याकडच्या महिला मंडळाची मला सवय, म्हणून मी मंडळाचं नाव विचारलं. नाव नव्हतं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "नाव ठेवलं की अध्यक्ष निवडावा लागतो, मग भांडणं." या मिस वेरा. मूळच्या त्रिनिदादच्या, नवरा जहाजदुरुस्तीत इंजिनियर होता म्हणून इथे आल्या, तो गेल्यावरही इथेच राहिल्या. सगळ्या त्यांना ‘मिस वेरा’ म्हणतात आणि घाबरतात. अध्यक्ष कोण ते मला कळलं.

टेबलावर तेमीचा लालभडक भात होता आणि मिस वेरांच्या डाळीचं सारण भरलेल्या पोळ्या होत्या. चव घेतली तर पुरणपोळीतून गूळ काढून जिरं घातल्यासारखी. त्यांच्या बेटावर कधीकाळी आपली माणसं ऊसतोडीला नेली होती, त्यांच्याकडून ही पोळी सगळ्या बेटाची झाली. त्या तिला ‘आमची’ पोळी म्हणाल्या, आणि मला तिच्यावर हक्क सांगावासा वाटला नाही.

जेवता जेवता कामं होत होती. कोपऱ्यात एक लाकडी पाळणा होता. त्यात आतापर्यंत या सगळ्यांची मिळून किती बाळं झोपली ते कोणालाच नीट सांगता येईना. ज्या घरी बाळंतपण त्या घरी तो जातो, आणि त्याच्याबरोबर महिनाभर डबे जातात. एका बाईच्या मुलाला शाळेत वर्गातली मुलं त्रास देत होती, तिच्याबरोबर कोण जाणार ते ठरलं. एका बर्मी मोलकरणीला, जिचा यांच्याशी काही संबंध नाही, फक्त मिस वेरांच्या इमारतीत काम करते, दातांच्या डॉक्टरकडे एकटं जायची भीती वाटत होती. तिलाही कोणी तरी मिळालं. हे ‘बरोबर जाणं’ हेच टेबलाचं मुख्य काम. त्याला त्या ‘बसणं’ म्हणतात. अमुकबरोबर मी बसते, असं.

आपल्याकडे घरात कोणी एकटं असेल तर शेजारीण रात्री सोबतीला जाते, आपली वळकटी घेऊन. काही करायचं नसतं, नुसतं असायचं. मी हे सांगितलं तर मिस वेरांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. सोबत. बरोबर, म्हणाल्या, पण आमच्या सोबतीला एक नियम आहे.

नियम असा. बसणाऱ्या बाईने वाद घालायचा नाही, तक्रार करायची नाही, मत द्यायचं नाही. सगळं बोलणं शांतपणे ऐकायचं, आणि समोरच्या साहेबाने, डॉक्टरने, घरमालकाने आपलं म्हणणं संपवलं की एकच वाक्य बोलायचं, "माझ्यासाठी परत एकदा सांगाल का?" बस्स.

मला हे फारच गुळमुळीत वाटलं. मी तोंडावर तसं म्हटलंही. मिस वेरा म्हणाल्या, "आम्ही आवाज चढवला की लोकांना फक्त आवाज ऐकू येतो, म्हणणं ऐकू येत नाही. मग ते आमच्या रागाबद्दल बोलतात. काम तिथेच राहतं." तेमीने आपली हकिगत सांगितली. फ्लॅट आत्ताच गेला, असं एजंटने तिला सांगितलं. बरोबर बसायला आलेल्या बाईने परत एकदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना तो अडखळला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोन केला. त्याच फ्लॅटमध्ये आम्ही जेवत होतो.

नेहमी असं होतं का, मी विचारलं. मिस वेरा म्हणाल्या, नाही. बहुतेक वेळा तो माणूस तेच परत सांगतो. पण तो आता दोन माणसांसमोर बोललेला असतो.

अकिन्यीने आपली तारीख सांगितली. मधुरा जायची होती, पण तिला ऑफिसच्या कामासाठी जाकार्ताला जावं लागणार होतं. मिस वेरा म्हणाल्या, मी बसेन.

सेम्बावांग

मिस वेरा सेम्बावांगला राहतात, अगदी उत्तरेला. जुन्या गोदीचा भाग. सिंगापूरमध्ये जमिनीतून गरम पाणी येतं हे मी कधी शिकवलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. त्यांच्या घराजवळ बागेत नळाला सत्तर अंशांचं पाणी येतं. माणसं बादल्या भरतात, थंड मिसळतात आणि पाय सोडून बसतात. अंडी उकडणारेही होते. आपल्याकडे कोकणात असं कुंड सापडलं की शेजारी देऊळ उभं राहतं आणि पाण्याला एखाद्या ऋषीचं नाव मिळतं. इथे फक्त पाटी होती, भाजेल, सांभाळा.

मिस वेरांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. एका बादलीत त्यांचे पाय, एका बादलीत माझे. फोटोतली बादली ती हीच. त्या म्हणाल्या, तुम्हाला आमचा नियम पटला नाही, म्हणून सांगते.

त्यांचं पहिलं बाळ इथे झालं नाही. तेव्हा नवऱ्याचं काम ज्या बंदरात होतं तिथे, दुसऱ्याच देशात झालं. रात्रभर त्या सांगत होत्या की काही तरी बिघडलंय, बाळ हलत नाही. डॉक्टर येऊन म्हणाला, तुमच्यासारख्या बायका दणकट असतात, थोडं सोसा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्या ओरडल्या, तर नर्सने दार लावून घेतलं. बाळ घरी आलं नाही. हे सगळं त्यांनी भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात सांगितलं.

मग म्हणाल्या, "तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने ते वाक्य सहज म्हटलं, कारण ऐकायला मी एकटीच होते. खोलीत आणखी एक बाई असती आणि तिने परत सांगा म्हटलं असतं, तर तेच वाक्य दुसऱ्यांदा त्याच्या तोंडातून निघालं नसतं. मी आयुष्यभर हा विचार केलाय."

मी त्यांच्या बादलीत थोडं गार पाणी घातलं.

क्लेमेंटीला परतताना गाडीत एक मराठी गृहस्थ भेटले, मधुराच्या ओळखीचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्याबरोबर त्यांचा शाळकरी नातू होता. मी कुठून येतेय हे ऐकून त्यांनी आवाज खाली आणला आणि मला सल्ला दिला की या आफ्रिकन लोकांपासून जरा जपून. मी नियम वापरून पाहिला. म्हटलं, माझ्यासाठी परत एकदा सांगता का? ते म्हणाले, नाही, म्हणजे तसं काही नाही. नातवाने फोनमधून डोकं न काढता तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हटलं, "आजोबा, so embarrassing lah." त्यांचं स्टेशन यायच्या आतच ते दारापाशी जाऊन उभे राहिले.

दवाखाना

तारखेच्या आदल्या दिवशी मिस वेरांना ताप भरला. तेमीच्या धाकट्याच्या हातापायांवर फोड आले, पाळणाघरातून हा आजार पसरतो, त्यामुळे तिला घराबाहेर पडायची सोय नव्हती. बाकीच्या नोकऱ्यांवर. अकिन्यी म्हणाली, जाईन एकटी. मिस वेरांनी तापातून मला फोन केला. "तुम्ही शिक्षिका होतात ना," म्हणाल्या, "मग गप्प बसायला त्रास होईल. पण बसा."

दवाखाना स्वच्छ, गार आणि शांत होता. डॉक्टर तरुण, चष्मेवाला, अत्यंत सभ्य. मला वाटलं होतं कोणी तरी खवीस निघेल, मग राग धरायला बरं. त्याने अकिन्यीची विचारपूस केली, मला ‘आंटी’ म्हणून खुर्ची दिली, आणि पडद्यावर बघत भराभर बोलू लागला. इथली इंग्रजी वेगळ्याच चालीवर जाते, शब्द अर्ध्यातच संपतात. शिवाय त्याचे शब्द डॉक्टरी. मी सगळं लक्ष एकवटून ऐकलं आणि मला त्यातलं ‘तीन महिने’ एवढंच कळलं.

अकिन्यी खाली बघत होती. हात मांडीवर एकमेकांत घट्ट. तो थांबल्यावर मी माझं वाक्य म्हटलं.

त्याने सांगितलं. या वेळी मोठ्याने आणि सावकाश, जसं लोक परदेशी म्हातारीशी बोलतात तसं. शब्द तेच. नियमाप्रमाणे माझं काम झालं होतं. पण मला खरंच कळलं नव्हतं. समोरच्याचं कळलं नाही तर मान डोलवायची नाही, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, आणि दुसरं काही बोलायची मला परवानगी नव्हती. म्हणून मी तेच वाक्य परत म्हटलं.

"डॉक्टर, माझ्यासाठी परत एकदा सांगाल का?"

अकिन्यीने चमकून माझ्याकडे पाहिलं. दोनदा विचारायचं असं टेबलावर कधीच ठरलं नव्हतं. डॉक्टरने खुर्ची माझ्याकडे वळवली. त्याला घाई होती, बाहेर माणसं होती, पण तो सभ्य होता. त्याने सगळे डॉक्टरी शब्द बाजूला ठेवले आणि शाळेतल्या मुलाला कळेल अशा इंग्रजीत, बोटं मोजत सांगितलं. "आंटी, तिचं रक्त जातंय. मी रक्तासाठी गोळ्या देतो. ते परत जातं. का जातंय ते आपल्याला माहीत नाही. म्हणून आपण आणखी तीन महिने..."

तो तिथे थांबला.

आता मला सगळं कळलं होतं. तो पडद्याकडे वळला, वर-खाली करत राहिला, आणि मग अकिन्यीला विचारलं, तुमची सोनोग्राफी कधी झालीये? ती म्हणाली, कधीच नाही. मागच्या दोन्ही वेळा मी मागितली होती. तो ‘सॉरी’ म्हणाला. हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं. मग त्याने चिठ्ठी टाइप केली.

बाहेर येऊन अकिन्यी बाकावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. येणारेजाणारे बघत होते. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि मनात म्हटलं, आपल्या इंग्रजीला आयुष्यात पहिल्यांदाच काही किंमत आली. तिने मिस वेरांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ खोकला आणि हसू दोन्ही चाललं होतं. मग निकाल आला की नियम बदलला, इथून पुढे दोनदा विचारायचं.

वॉर्ड

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. बऱ्याच, आणि मोठ्या. त्यातल्या एकीचं रूप मोठ्या डॉक्टरीणबाईंना आवडलं नाही. लवकर काढू, मग तपासायला पाठवू, म्हणाल्या. तोपर्यंत काही सांगता येणार नाही.

मधुराने माझा मुक्काम वाढवून घेतला. सांगलीला कळवलं, तर ह्यांनी विचारलं, ती तुझी कोण? मी म्हटलं, मधुराची मैत्रीण. मग ते म्हणाले, राहा, साखरेचा डबा मला सापडलाय.

ऑपरेशनच्या आधीच्या संध्याकाळी अकिन्यीने मला आईचा नंबर दिला. म्हणाली, काही वेडंवाकडं झालं तर तुम्हीच सांगा, तुम्ही आई आहात, तुम्हाला कसं सांगायचं ते कळेल. मी नंबर घेतला. कळणार नव्हतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नंतरचे दिवस म्हणजे डबे. कोण कधी येणार हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं मिस वेरांच्या डोक्यात. खरं भांडण पथ्यावरून झालं. तेमीच्या मते आजारी माणसाला मिरीचं झणझणीत सूप हवं. ते मटणाचं, म्हणून मी चाखलं नाही, पण नुसत्या वाफेने सांगलीच्या माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी मऊ भात आणि मुगाचं वरण केलं, त्याला तेमीने ‘बाळाचं जेवण’ म्हटलं. मिस वेरांनी दोन्ही डबे पुढे ठेवले आणि अकिन्यीने दोन्हीतलं थोडं थोडं खाऊन दोघींची तोंडं बंद केली. तिच्या ओठांवर रंग येत होता. तपासणीचा निकाल मात्र येत नव्हता. सगळ्याजणी हसतखेळत बोलायच्या आणि दार वाजलं की एकदम गप्प व्हायच्या.

निकाल आला त्या सकाळी बसायची पाळी माझी होती. अकिन्यी उशीला टेकून बसली होती, मी तिच्या वेण्या एका बाजूला घेऊन मानेखाली टॉवेल सारखा करत होते. डॉक्टरीणबाई आत आल्या. हातात कागद नव्हता, चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. मला भीती वाटत होती. आईचा नंबर माझ्या पर्समध्ये होता.

बाई पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "गाठी साध्या होत्या. कॅन्सर नाही. तुम्ही बऱ्या होणार."

एवढंच. लहान वाक्यं, सोपी इंग्रजी. मग अकिन्यीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाली, "डॉक्टर, माझ्या आंटींसाठी परत एकदा सांगाल का?"

मला पहिल्याच सांगण्यात सगळं कळलं होतं. पण मी मान डोलवली नाही. बाईंनी माझ्याकडे वळून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून परत सांगितलं. अकिन्यीने डोळे मिटून ऐकलं. तिने माझा हात पकडला होता.

तिसऱ्यांदा सांगाल का, ते मी विचारलं.